वेळेवर येणारा संगणक

सकाळी सहा

शेजारच्या गाळ्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारतात. ती मोटर नऊच्या सुमारास सुरू होते आणि जेवणाची सुट्टी सोडली तर संध्याकाळी सातपर्यंत थांबत नाही. भिंतींना रॉकवूल लावलंय, दाराला रबराची पट्टी आहे, तरी मोटरची घरघर लादीतून स्टँडमध्ये आणि स्टँडमधून माइकमध्ये चढतेच. तेव्हा भाईंदर पूर्वेला, नवघर रोडपासून जरा आत असलेल्या आमच्या या एका गाळ्याच्या स्टुडिओचं वेळापत्रक पॉलिशवाला ठरवतो. गाणारी माणसं सकाळी साडेसात ते नऊ, ढोलकी-बेंजो दुपारी एक ते दोन, उरलेला दिवस स्क्रीनसमोर.

आज धवले आहेत. गोडदेवातल्या एक मावशी आणि त्यांच्या साथीच्या दोघी येणार आहेत. आगरी लग्नात पूर्वी विधी लावायची ती धवले गाणारी धवलारीणच. मांडवाचं गाणं वेगळं, हळदीचं वेगळं, आणि सगळं तोंडपाठ. गोडदेव, खारीगाव, नवघर ही मिठागरांवर आणि भातशेतीवर जगलेली गावं आता इमारतींच्या मधून शोधून काढावी लागतात, आणि तिथल्या हळदीला डीजे लागतो. मावशींच्या नातीचं लग्न ठरलंय. डीजेला तिची हरकत नाही, पण आजीचा आवाज कुठेतरी नीट उतरवून ठेवायला हवा, असं तिच्या मनाने घेतलंय.

धवल्याला साथीला वाद्य नसतं, मोजून धरलेला ताल नसतो. पुढची बाई ओळ सोडते, मागच्या दोघी उचलतात. ढोल-ताशाच्या रेकॉर्डिंगमध्ये मधेच बारीक ‘टिक’ आली तर ती कुणाच्या बापाला कळत नाही. इथे खाली काहीच नाही. नुसता आवाज आणि त्यामागची शांतता. आलेली टिक तशीच उघडी पडणार.

सव्वासहा

मेन स्विच, यूपीएस, मग संगणक. संगणक जुनाच आहे. कुठल्याशा कंपनीने ऑफिसातून काढलेला, लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला चार कोअरचा डेस्कटॉप, सोळा जीबी रॅमचा. त्यावर डेबियन 13. लिनक्स वापरतो म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात, ‘फुकट म्हणून का?’ फुकट आहेच, आणि आमच्यासारख्याला त्याचं मोल आहे. पण खरी गोष्ट अशी की या यंत्रात आत कोण कोण जागं आहे, कोण कधी मध्ये तोंड घालतं, हे मला दिसतं आणि त्याला गप्पही बसवता येतं. इतर ठिकाणी ती सोय कमी.

आत नेमकं काय घडतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढची खटपट समजेल. साउंड कार्ड आवाजाचे सेकंदाला 48,000 नमुने घेतं. ते एकेक करून संगणकाला देत नाही, गठ्ठ्याने देतं. गठ्ठा 256 नमुन्यांचा धरला तर दर 5.3 मिलिसेकंदांनी एक येतो. तेवढ्या वेळात संगणकाने तो उचलायचा, त्यावर जो इको-रिव्हर्ब लावायचा तो लावायचा आणि हेडफोनकडे पाठवायचा. पुढचा गठ्ठा येईपर्यंत हे आटपलं नाही तर आवाजात भोक पडतं. कानाला ती टिक ऐकू येते. या धंद्यात तिला एक्सरन म्हणतात.

आता हा संगणक पाच मिलिसेकंदांत लाखो आकडेमोडी करतो, जुना असला तरी. मग चुकतो कुठे? त्याच क्षणी तो दुसऱ्याच कामात गुंतलेला असतो. वाय-फायने काहीतरी कळवलेलं असतं, फायलींची सूची करणारा प्रोग्राम उठलेला असतो, अपडेट शोधायची वेळ झालेली असते, नाहीतर वीज वाचवायला प्रोसेसरने डुलकी घेतलेली असते. भाईंदरच्या माणसाला हे समजवायला मी लोकलचं सांगतो. फास्ट गाडी चर्चगेटला लवकर नेते, पण ती फलाटावर कधी लागेल याचा भरवसा नसेल तर 7:12 ची स्लो बरी, रोज 7:12 ला येणारी. दुकानात संगणक विकतात ते फास्ट म्हणून. मला माझा संगणक वेळेवर हवा असतो, आणि त्यासाठी थोडा वेग गेला तरी चालतो.

तर सकाळची कामं. प्रोसेसरचा वेग ‘पॉवरसेव्ह’वर असतो तो ‘पर्फॉर्मन्स’वर. डुलकी किती खोल घ्यायची यालाही मर्यादा घातलेली आहे, कारण खोल झोपेतून उठायलाच त्याला वेळ लागतो. वाय-फाय आणि ब्लूटूथ बायोसमधूनच बंद. सेशनच्या वेळात अपडेट आणि फायलींची सूची, दोन्ही थांबवलेली. मग इंटरप्टचा तक्ता बघायचा. कोणतं उपकरण प्रोसेसरचं दार कितीदा ठोठावतं, त्याचा हा हिशोब लिनक्समध्ये साध्या मजकुरासारखा वाचता येतो. साउंड कार्ड यूएसबीचं आहे. मागच्या ज्या पोर्टच्या कंट्रोलरवर दुसरं काही बसलेलं नाही तिथेच ते लावायचं. पेन ड्राइव्ह, कीबोर्ड, पोरांचे मोबाइल चार्जिंगला, हे सगळं दुसऱ्या बाजूला. या एका गोष्टीने जितक्या टिका जातात तितक्या बाकीच्या दहा युक्त्यांनी जात नाहीत, असं माझं मत आहे.

आमचा लॉगिन ‘ऑडिओ’ या गटात आहे. त्या गटाला दोन सवलती दिल्यात. त्याच्या प्रोग्रामना 95 पर्यंतचा तातडीचा क्रमांक मागता येतो, म्हणजे ते आले की साधी कामं बाजूला होतात. आणि त्यांची मेमरी रॅममध्ये खिळवून ठेवता येते, ती उचलून डिस्कवर टाकायला मनाई. अख्ख्या लिनक्स ट्यूनिंगचा गाभा बघायला गेलं तर एका छोट्या फायलीतल्या या दोन ओळींत आहे.

मग चाचणी. सायक्लिकटेस्ट नावाचा छोटा प्रोग्राम आहे. तो सिस्टिमला सांगतो, मला अमुक क्षणी उठव, आणि उठल्यावर घड्याळ बघतो की किती उशीर झाला. तो चालू करून मी खाली चहा प्यायला जातो. परत आल्यावर सरासरीकडे बघतच नाही, सरासरी इथे काही कामाची नाही. दहा मिनिटांत सगळ्यात वाईट उशीर किती, एवढाच आकडा बघायचा. आज तो पन्नास मायक्रोसेकंदांच्या आत आहे. हाच दोन हजारांवर गेला असता तर 256 च्या गठ्ठ्याला ते चाललं असतं, पण 64 च्या गठ्ठ्याला हातात 1,333 मायक्रोसेकंदच असतात, म्हणजे टिक ठरलेली.

साडेसात

मावशी नऊवारीत, नात पंजाबी ड्रेसमध्ये, साथीच्या दोघी पिशव्या सांभाळत. मावशींना काचेच्या खोलीत बसवलं, साथीच्या दोघींना बाहेर जाड पडद्यामागे. तिघींचे माइक वेगळे राहिले तर पुढे मिक्सिंगला हात मोकळा राहतो. पण त्यामुळे तिघींनाही हेडफोन घालावे लागले, एकमेकींना ऐकायचा दुसरा मार्ग नाही.

पहिल्या दोन ओळी झाल्या आणि मावशी थांबल्या. हेडफोनला हात लावून म्हणाल्या, “बाला, मना माजाच आवाज मागून येतंय.”

आमच्या मदतनीस पोराने माझ्याकडे बघितलं. गठ्ठा 256 चा होता, आणि 256 ला कुणी तक्रार केलेली त्याने पाहिली नव्हती. करतच नाहीत लोक. कानात ढोल, बेंजो आणि सिंथ धबाधब वाजत असताना आपला आवाज किंचित मागे आहे हे कुणाला कळतं? मावशींच्या कानात दुसरं काहीच नव्हतं. त्यांचा आवाजच त्यांचा ताल.

हिशोब सोपा आहे. आवाज आत यायला एक गठ्ठा, बाहेर जायला एक, मिळून 10.7 मिलिसेकंद. साउंड कार्डाचे आणि यूएसबीचे स्वतःचे तीनेक, म्हणजे चौदाच्या आसपास. हवेत आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. चौदा मिलिसेकंद म्हणजे पावणेपाच-पाच मीटर. साथीच्या दोघींना मावशी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बसल्यासारख्या ऐकू येत होत्या, आणि खुद्द मावशींना स्वतःचाच आवाज तिथून.

गठ्ठा 64 वर आणला. आता सगळा प्रवास सहा मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे दोन मीटरांहून कमी. मांडवात या बायका बसतातच एकमेकींपासून तेवढ्या अंतरावर. हेडफोनमधला जड रिव्हर्ब काढून हलका लावला, प्रोसेसरला तेवढी उसंत. कार्डावर थेट मॉनिटरिंगचं बटण असतं, त्याने संगणकाला वळसा घालून आवाज सरळ कानात जातो आणि उशीर उरतच नाही. कोणी म्हणेल, मग तेच का नाही दाबलं? पण तो आवाज कोरडा ठणठणीत असतो आणि कोरड्या आवाजावर मावशींचा गळा उघडेना. थोडी घुमारी हवी होती, आणि ती संगणकातूनच येते.

पुढचा पाऊण तास मी काचेपलीकडे फक्त एक्सरनच्या काउंटरकडे बघत होतो. शून्य. मावशींनी हळदीचे धवले एकामागून एक सोडले, मागच्या दोघी ओळीचं टोक पकडून उचलत होत्या, दोघींच्यात तसूभर फट नाही. शेवटच्या धवल्याला मावशींनी हेडफोन काढून गळ्यात टाकले, एक तळवा कानामागे लावला आणि डोळे मिटून गायल्या. साथीवाल्या मात्र हेडफोनवरच होत्या, त्यांना 64 चा गठ्ठा लागणारच होता. तो टेक सगळ्यांत चांगला आला.

नऊ

मोटर सुरू. मावशींनी चहा घेतला, पैशांचं नातीने बघितलं. मी गठ्ठा 1024 वर नेऊन ठेवला. आता गाणारं कोणी नाही, एकेक गठ्ठा 21 मिलिसेकंदांचा झाला तरी कुणाचं बिघडत नाही, आणि प्रोसेसरला जड प्लगइन चालवायला मोकळीक मिळते. ट्यूनिंग एकदा करून विसरायची वस्तू आहे असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. सकाळी साडेसातचा संगणक आणि नऊनंतरचा संगणक एकाच यंत्रात असतात.

मिक्सिंग आर्डर या प्रोग्राममध्ये. त्याचा कर्ता पॉल डेव्हिस हा अ‍ॅमेझॉनच्या अगदी सुरुवातीच्या दोन प्रोग्रामरांपैकी एक. तिथून बाहेर पडल्यावर गड्याने ध्वनिमुद्रणाचा प्रोग्राम लिहायला घेतला आणि त्याच्या पोटातून जॅक निघालं, एका प्रोग्रामचा आवाज दुसऱ्यात नेणारी, सगळ्यांना एकाच ठोक्यावर चालवणारी व्यवस्था. वीसेक वर्षं लिनक्सवर संगीत करणाऱ्यांनी सकाळ-संध्याकाळ जॅकशीच झटापट केली. यूट्यूब लावलं की आर्डर मुका, आर्डर लावला की यूट्यूब मुकं. विम तायमन्स या रेड हॅटच्या प्रोग्रामरने पाइपवायर केलं, 2021 मध्ये फेडोरा 34 ने ते मुळातच बसवून दिलं, आणि ही कटकट बहुतेकांपुरती संपली. आमच्याकडे आता पाइपवायरच आहे. जुने लोक अजून जॅकची शपथ घेतात. घेऊ द्यात.

मावशींचा सूर काळी दोन आणि पांढरी तीनच्या मध्ये कुठेतरी बसतो. नातीला खाली बारीकसा षड्ज हवा आहे, नुसता धरून ठेवलेला. इथे हल्ली सर्रास चालतं ते असं की गाणाऱ्याचा आवाज ऑटोट्यूनला घालायचा आणि पट्टीवर खेचून आणायचा. हळदीच्या डीजे गाण्यांत ते शोभतं, मी स्वतः करून देतो. इथे उलटं केलं. झिनअ‍ॅडसबएफएक्स नावाचा मुक्त सिंथ आहे, रोमानियाच्या नास्का ऑक्टेव्हियन पॉलने लिहिलेला. त्याचा आधारसूर हवा तितका वरखाली सरकवता येतो आणि स्वरांमधली अंतरंही आपली आपण लिहून देता येतात. षड्ज मावशींजवळ नेला. दोन धवल्यांच्या मध्ये त्यांचा सूर किंचित चढलाय, म्हणून प्रत्येक धवल्याला वेगळा आकडा द्यावा लागला. बाराच्या आधी हे संपणार नाही हे कळून चुकलं.

साडेअकरा

एक कॉलेजचा मुलगा लॅपटॉप घेऊन आला. मीरा रोडला राहतो, बीट्स बनवतो, बेंजो पार्टीबरोबर कीबोर्डही वाजवतो. “दादा, आधी नुसती टिकटिक यायची, आता चालूच व्हायला दहा मिनिटं लागतात.”

उघडून बघितलं तर सगळं कळलं. त्याने कुठल्या कुठल्या व्हिडिओंतले नुस्खे एकावर एक चिकटवले होते. त्यातले निम्मे 2006 सालच्या यंत्रांसाठीचे. आरटीसी घड्याळाची कमाल फ्रिक्वेन्सी 64 वरून 2048 करा, हा सल्ला अजून फिरतोय. त्या घड्याळावर चालणारे प्रोग्राम आता सहसा कुणी वापरत नाही. स्वॅपिनेस 60 वरून 10 करा, हे चार जीबी रॅमवर उपयोगी होतं. सोळा जीबी असताना केलं काय नि नाही काय. चार वेगवेगळ्या साइटींवरून आणलेले पॅकेजचे स्रोत एकमेकांच्या उरावर बसलेले. रिअल-टाइम कर्नेल, म्हणजे लिनक्सचा वेळेला पक्का केलेला गाभा, टाकलेला, पण तो लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरशी जुळत नव्हता. म्हणून सुरुवातीलाच अडखळत होता.

मी एकेक काढत गेलो. माझ्या दुरुस्तीच्या कामात बसवण्यापेक्षा उतरवणंच जास्त असतं. नेहमीचा कर्नेल परत आणला आणि सुरू होतानाच्या ओळीत दोन शब्द घातले. एकाने इंटरप्टची कामं वेगळ्या धाग्यांत जातात, म्हणजे त्यांना क्रमांक लावता येतो. दुसऱ्याने कर्नेल स्वतःच्या कामातही अडवून घ्यायला तयार होतो. शंभरातल्या बहुतेकांना एवढं पुरतं, खास कर्नेलची गरज नाही. मग ऑडिओ गट, दोन ओळींची ती फाइल, वाय-फाय बंद करायचं एक बटण डेस्कटॉपवर.

तरी टिक. दर काही मिनिटांनी. प्रोसेसरचं तापमान तपासून बघितलं तर 95 अंश. मे महिना, गाळ्यातला एसी आवाज होतो म्हणून बंद, आणि लॅपटॉप मांडीवरच्या उशीवर ठेवायची त्याची सवय. तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग एकदम खाली आणतो आणि नेमका तिथे गठ्ठा चुकतो. स्क्रू काढून पंखा उघडला. जाळीवर कापसाचा थर बसला होता. ब्रशने काढला, खाली दोन लाकडी पट्ट्या ठेवल्या, टिक गेली. कर्नेलचा यात काही संबंध नव्हता.

त्याला विंडोजचे काही प्लगइन हवे होते. वाइन आणि याब्रिज लावून ते आर्डरमध्ये उघडून दिले. दोन चालले, एक नाही चालला. लायसन्ससाठी डोंगल मागणाऱ्यांचा नाद सोड, असं सांगितलं. आमच्या मदतनिसाने त्याला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलबद्दल सांगितलं. लिनक्स आणि ऑडॅसिटी तो तिथूनच शिकला, मराठीतून, आणि हे तो प्रत्येकाला सांगतो.

दुपारी एक

मोटर थांबली. ढोलकीवाले भाऊ जिन्यावर तयारच होते. दुसऱ्याच एका कोळीगीताचा ट्रॅक आहे, क्लिकवर, म्हणजे कानातल्या मेट्रोनोमच्या ठोक्यावर. गठ्ठा 128, एसी बंद, घाम गळतोय. पन्नास मिनिटांत तीन टेक. भाऊंना ट्यूनिंगबिनिंगमध्ये रस नाही. थाप मारली की त्याच क्षणी कानात वाजली पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. वाजत होती.

अडीच

जेवण झाल्यावर तासभर संगणकाला हात लावत नाही. उन्हाने पत्रे तापलेले असतात. या वेळी मदतनीस पोराच्या शंका निघतात. आज त्याने विचारलं, रिअल-टाइम कर्नेल इतका चांगला आहे तर तो पहिल्यापासून लिनक्समध्ये का नव्हता?

त्याची गोष्ट मोठी आहे. लिनस टोरवाल्ड्सने 1991 मध्ये लिनक्स सुरू केला तेव्हा तो घरगुती पीसीसाठी होता. पुढे तो सर्व्हरवर गेला आणि तिथे महत्त्व कशाला, तर एकूण किती काम उरकतं त्याला. एखादी विनंती चार मिलिसेकंद थांबली तर कोण रडतंय? पण कारखान्यातला यंत्रमानव, लेझरने पत्रा कापणारं मशीन, यांना वेळेवर उत्तर लागतं. त्यांच्यासाठी इंगो मोल्नार, थॉमस ग्लाइक्सनर आणि त्यांच्या सोबत्यांनी 2004-05 पासून वेगळे पॅच लिहायला घेतले. मूळ कल्पना अशी की कर्नेलमध्ये ज्या ज्या ठिकाणी ‘आता मला कोणी हटकू नका’ अशी पाटी लागते ती शोधायची आणि उतरवायची. त्या पाट्या हजारो ठिकाणी होत्या. प्रत्येक पाटी कुणीतरी काही कारणाने लावलेली. काढली तर दुसरीकडे काहीतरी मोडायचं.

वीस वर्षं हे काम मूळ लिनक्सच्या बाहेर राहिलं. मधल्या काळात पैशांची चणचण झाली. 2015 मध्ये लिनक्स फाउंडेशनने त्यासाठी प्रकल्प उभा केला, तेव्हा पुन्हा वेग आला. तुकड्यातुकड्यांनी बरंचसं मूळ कर्नेलमध्ये शिरलंही, आणि त्याचा फायदा ज्यांना रिअल-टाइम हा शब्द माहीत नाही त्यांनाही झाला. शेवटी अडून राहिलं ते अगदी क्षुल्लक वाटणारं काम, कर्नेलने स्वतःचे निरोप पडद्यावर छापण्याचं. यंत्र कोसळायच्या आधी त्याने काय झालं ते सांगितलंच पाहिजे, आणि ते सांगताना कुणाला थांबवूनही चालणार नाही. दोन्ही एकदम कसं जमायचं? त्यात बरीच वर्षं गेली. सप्टेंबर 2024 मध्ये व्हिएन्नात जमलेल्या कर्नेलकारांच्या बैठकीत ग्लाइक्सनरने ‘हे मूळ कर्नेलमध्ये घ्या’ ही शेवटची मागणी कागदावर छापून, सोनेरी वेष्टनात गुंडाळून टोरवाल्ड्सच्या हातात दिली. नोव्हेंबरात 6.12 आवृत्ती आली, तिच्यात ते आहे. आमच्या डेबियन 13 मध्येही हाच 6.12. तरी तो आपोआप लागत नाही, रिअल-टाइमचं पॅकेज वेगळं घ्यावं लागतं.

“म्हणजे हे गाण्यासाठी केलंच नव्हतं?” पोराचा चेहरा पडला.

गाणाऱ्यांचे हाल बघून कुणी कंपनी पैसे देत नाही, हे त्याला अजून कळायचंय. आमच्या इस्टेटीच्या मागे साचे कापणारी सीएनसी मशिनं आहेत. लिनक्ससीएनसी नावाचा मुक्त प्रोग्राम अशाच मशिनांसाठी लिहिलेला आणि त्यालाही याच जातीचा कर्नेल लागतो. कटरचं टोक पत्र्यावर वेळेवर पोचावं म्हणून जे केलं गेलं त्यावर मावशींचे धवले रेकॉर्ड झाले. मला यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. फुकटात मिळालेलं आहे, आणि पक्कं आहे.

पाच

बॅकअप. सकाळचे तिघींचे कोरडे ट्रॅक दोन वेगळ्या डिस्कवर, एक डिस्क घरी जाते. पॅकेज मॅनेजरला सांगितलं की लग्नसराई संपेपर्यंत कर्नेल आणि पाइपवायरला हात लावायचा नाही, बाकीच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या घे. चालणारं यंत्र सीझनमध्ये अपडेट करू नये, एवढा एक नियम मी कुणासाठी मोडत नाही. मग नेटवर्क चालू करून दोन तास राहिलेले मेल, बिलं, आणि एका शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या गाण्यांची छाटणी. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

रात्री आठ

मोटर बंद होऊन तास झाला. आता मॉनिटरवर शांतपणे ऐकता येतं. पहिल्या धवल्याखालचा षड्ज अजून किंचित मोठा होता, दोन डेसिबल खाली आणला. तिसऱ्यात मावशींच्या बांगड्या वाजल्यात. काढता आल्या असत्या, ठेवल्या.

नातीच्या भावाचा फोन. रविवारी हळद आहे, डीजेवाला विचारतोय की आजीच्या गाण्याखाली बीट टाकून मिळेल का. मी सांगितलं, हे क्लिकवर गायलेलं नाही, ओळी कमी-जास्त लांबीच्या आहेत, बीट बसणार नाही. “मग कापून बसवा ना, दादा.” कापून बसवता येतं. प्रत्येक ओळ थोडी खेचायची, थोडी दाबायची, आर्डरमध्ये ती सोय आहे. पण मागच्या दोघी ओळीचं टोक जिथे उचलतात ते अंतर प्रत्येक वेळी वेगळं आहे, आणि तेच सारखं केलं की तीन बायका एका बाईसारख्या वाजतात. हे त्याला फोनवर ऐकवून दाखवलं, एकदा तसंच आणि एकदा कापून. तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “पण डीजे तर लागणार.”

शेवटी दोन फाइली केल्या, 44,100 वर, वेव्हमध्ये. एकीत धवले जसेच्या तसे. दुसरीत पहिला धवला आणि त्याच्या शेवटी चार सेकंद नुसता मावशींचा षड्ज. डीजेवाल्याला नंबर लावून सांगितलं की त्या चार सेकंदांत ढोल हळूहळू आत घे, आणि तुझ्या ट्रॅकची पट्टी काळी दोनपेक्षा वीस सेंट वर कर, नाहीतर जोडावर सूर आपटेल. सेंट म्हणजे काय, ते तो विचारत बसला. लॅपटॉप घेऊन उद्या बाराला ये म्हटलं, आणि येताना चार्जर आणायला विसरू नकोस.